इंजेक्टरपर्यंत करंट पोहोचतो का?

पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरचे विजेचे सर्किट समजायला फारसे अवघड नाही. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज आणि रिले ओलांडून इंजेक्टरच्या एका पिनवर येतो. चावी चालू केली की तिथे बॅटरीइतका, म्हणजे बारा व्होल्टच्या आसपास दाब हजर असतो. दुसऱ्या पिनवरची वायर ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाचा सारा कारभार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे जाते. ईसीयू ती वायर क्षणभर अर्थला जोडतो. तेवढ्यापुरते सर्किट पूर्ण होते, इंजेक्टरमधल्या कॉइलमध्ये चुंबकत्व येते, आतली सुई उचलली जाते आणि सुमारे तीन बारच्या दाबाखाली उभे असलेले पेट्रोल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. अर्थ सुटली की सुई पुन्हा बसते. इंजिन आयडलिंगला असताना हा सगळा खेळ दोन-तीन मिलिसेकंदांत संपतो. एका सिलिंडरच्या फोर स्ट्रोक मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर इंजेक्टर सेकंदाला बारा-तेरा वेळा उघडतो आणि बंद होतो. घरातल्या दिव्याचे बटण येणारा करंट तोडते. इथे मात्र येणारा करंट कायम असतो आणि चालू-बंद होते ती अर्थ. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. हिरो होंडाची इंजेक्शनवाली ग्लॅमर २००६ मध्येच आली होती, पण तेव्हा ती अपवाद होती. आता शंभर सीसीची साधी गाडीही इंजेक्टरवर चालते. एमएच ३९ पाटीच्या, म्हणजे नंदुरबारच्या गाड्यांसाठी हा बदल मोठाच म्हणायला हवा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा उत्तर भाग सातपुड्यात आहे. धडगावला जाणारा चांदसैली घाट, मोलगीकडचा देवगोई घाट, तोरणमाळची चढण या वाटांवर दुचाकी हेच रोजचे वाहन. दवाखाना, बाजार, आश्रमशाळा, ग्रामपंचायतीचे काम, सगळे तिच्यावर. कार्ब्युरेटरच्या गाडीत कचरा अडकला तर पाड्यावरचा हुशार पोरगाही स्क्रू ड्रायव्हर घेऊन जेट फुंकून द्यायचा. इंजेक्टरची गाडी बंद पडली की पिकअप गाडीत घालून तळोद्याला, शहाद्याला किंवा थेट नंदुरबारला न्यावी लागते आणि त्या भाड्यातच दिवसाची मजुरी जाते. तिथे जाऊन कळते, की कपलरची एक पिन हिरवी पडली होती. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि तपासणीचा ठरलेला क्रम एवढे घरी असले, तर असे बरेच बिघाड अंगणातच सापडतात.

इंजेक्टर हा भाग सहसा दणकट असतो. त्याची कॉइल जळणे ही गोष्ट घडते, पण तिच्या आधी संशय घ्यावा तो वायरिंगवर आणि कपलरवर. कारणे आजूबाजूचीच आहेत. पत्र्याच्या पडवीत धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की उंदीर वायरवरचे प्लास्टिक कुरतडतात. प्रेशर पंपाने गाडी धुताना कपलरच्या रबरी सीलमधून पाणी शिरते आणि पावसाळाभर आत राहून पिना गंजवते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात इंजिनाची उष्णता मिळाली की प्लास्टिक कडक होऊन चिरते. घाटाच्या खराब रस्त्यावर हादऱ्यांनी वायर फ्रेमवर घासत राहते. आणखी एक कारण माणसाच्या हातचे आहे: जादा एलईडी दिवे, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर बसवताना मूळ वायर मध्येच सोलून तिला पीळ मारून टेप गुंडाळली जाते. असा जोड इंजेक्टरच्या किंवा ईसीयूच्या पुरवठ्यावर बसला, की वर्षभराने त्याचा त्रास सुरू होतो आणि तोवर दिवे कधी बसवले हेही कोणाला आठवत नाही.

मीटर हातात घेण्यापूर्वी गाडी कोणती आहे ते पाहावे. खाली सांगितलेली पद्धत दुचाकी, पेट्रोल रिक्षा आणि इनटेक पाइपमध्ये फवारा सोडणाऱ्या साध्या पेट्रोल मोटारींसाठी आहे. जिल्ह्यात प्रवासी आणि मालवाहतुकीला धावणाऱ्या नव्या डिझेल जीप आणि पिकअप यांत कॉमन रेल पद्धत असते. तिच्या नळीतला दाब १६०० बारपर्यंत आणि कित्येक इंजिनांत त्याहूनही वर जातो. नळी सैल झाली तर डिझेलची धार कातडीत घुसू शकते. शिवाय या इंजेक्टरना उघडण्यासाठी ईसीयू पन्नास व्होल्टहून जास्त दाब देतो, काही प्रकारांत तो शंभराच्या पुढे असतो. चालू इंजिनावर तिथे हात घालणे जिवावर बेतू शकते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नव्या टर्बो पेट्रोल मोटारींचेही तेच. अशा गाड्यांत इंजिन बंद ठेवून कपलर आणि वायर डोळ्यांनी पाहणे इतकेच घरचे काम. शहादा-तळोद्याच्या ऊस-केळीच्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे. ५० अश्वशक्तीपर्यंतच्या बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेल पंप यांत्रिक असतो, इंजेक्टरला वायरच नसते. तेव्हा तिथे मीटर लावण्यासारखे काही नाही.

तयारीही थोडीच लागते. गाडी मोकळ्या हवेत, सावलीत लावावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. जवळ चूल, विडी, गॅस काही नको. पेट्रोलचा ओघळ किंवा वास असेल तर तो आधी शोधावा. गळती थांबेपर्यंत विजेची तपासणी सुरू करू नये, कारण कपलर काढता-लावताना बारीक ठिणगी पडू शकते. हाताशी वाळूची बादली असावी.

पहिली पायरी बॅटरीची. ही पायरी सगळेच वगळतात आणि नंतर पस्तावतात. किकने चालू होणारी जुनी गाडी बॅटरी मेली तरी चालायची, इंजेक्शनच्या गाडीला ते जमत नाही. पंप, ईसीयू आणि इंजेक्टर तिघांनाही बॅटरी लागते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर धरावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे किंवा तिची टर्मिनल सैल आहेत. त्यानंतर फ्यूज पाहावे. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून भागत नाही. काढून मीटरच्या बीपवर तपासावा, कारण आतली तार कडेला तुटलेली असेल तर दिसत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तिथे चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळली, की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

चावी चालू केल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घूं करून थांबतो. हा आवाज बरेच काही सांगतो. आवाजच नसेल तर इंजेक्टरकडे वळण्याआधी पुरवठा बघावा: इंजिन बंद करायचे लाल बटण चुकून दाबलेले आहे का, गाडी आडवी पडल्यावर पुरवठा तोडणारा सेन्सर अडकला आहे का, मुख्य रिले ‘टक’ करतो का. घाटात गाडी पडली आणि उचलल्यावर चालूच होईना, अशा वेळी हा सेन्सरच कारण असू शकतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही गाड्यांत तो पूर्ववत होतो.

डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवाही वाचता येतो. होंडाच्या अनेक इंजेक्शन दुचाकींत तो ठरावीक वेळा मिचकावतो: एक लांब आणि दोन आखूड म्हणजे १२ क्रमांक, आणि १२ म्हणजे इंजेक्टरचे सर्किट. इतर कंपन्यांच्या याद्या वेगळ्या आहेत, गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या मिळतात. मोटारींमध्ये स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर जोडून मोबाइलवर कोड पाहता येतो. पी ०२०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचे सर्किट, पी ०२०२ म्हणजे दुसऱ्याचे, असा क्रम आहे. यात एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. कोडमध्ये इंजेक्टर हा शब्द दिसला की लोक इंजेक्टर बदलायला निघतात. कोडचा अर्थ एवढाच असतो की त्या सर्किटमध्ये ईसीयूला अपेक्षित विद्युत स्थिती मिळाली नाही. दोष कॉइलमध्ये असेल, वायरमध्ये असेल, कपलरमध्ये असेल किंवा खुद्द ईसीयूमध्ये. तो कुठे आहे हे मीटरच ठरवतो.

आता इंजेक्टरची कॉइल. चावी बंद करून कपलरची कडी दाबावी आणि प्लास्टिकचा भाग धरून कपलर ओढावा. वायर धरून ओढला तर पिन आतून निसटते. उन्हाने कडक झालेली कडी पटकन तुटते, म्हणून घाई नको. कपलर उघडला की आधी नीट बघावे: हिरवट-पांढरी पूड, काळपट जळका डाग, एखादी पिन मागे सरकलेली, सील फाटलेले. बरेच निदान इथेच होते. मग मीटर २०० ओहमवर ठेवून त्याच्या दोन सुया एकमेकींना टेकवाव्यात आणि येणारा आकडा, समजा ०.४, लक्षात ठेवावा. इंजेक्टरच्या दोन पिनांवर सुया धरून आलेल्या आकड्यातून तो वजा करायचा. आजच्या बहुतेक दुचाकी आणि साध्या मोटारींच्या इंजेक्टरचा रोध साधारण १० ते १६ ओहममध्ये असतो. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आकडा अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे, एक-दोन ओहम दाखवला तर ती आतून शॉर्ट झाली आहे. काही जुन्या किंवा विशेष इंजिनांत मुळातच दोन ते पाच ओहमचे इंजेक्टर असतात, म्हणून मॅन्युअल न बघता निकाल देऊ नये. चार सिलिंडरच्या मोटारीत चारही इंजेक्टर मोजावेत. तिघे १३ दाखवतात आणि चौथा १९, तर मॅन्युअल नसले तरी संशयित सापडला.

आकड्यावर तापमानाचा परिणाम होतो आणि तो आपल्याकडे दुर्लक्षून चालत नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. मॅन्युअलमधला आकडा बहुधा २० अंशांचा असतो. तेव्हा १२ ओहमची निरोगी कॉइल मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत १३.२ च्या जवळ जाईल आणि नुकत्याच बंद केलेल्या ८० अंश तापलेल्या इंजिनावर १४.८ दाखवेल. उलटही घडते: थंड असताना ठीक असलेली कॉइल तापल्यावर आतून सुटते आणि गाडी घाट चढताना बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. अशी तक्रार असेल तर थंड इंजिनावर एकदा आणि गाडी बंद पडल्या पडल्या एकदा असे दोनदा मोजावे. शेवटी एक सुई इंजेक्टरच्या पिनवर आणि दुसरी त्याच्या धातूच्या अंगावर धरून पाहावी; तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये.

कॉइल ठीक निघाली की वायरिंगची पाळी. कपलर काढलेलाच ठेवावा, मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सुई कपलरच्या एकेका पिनवर, आणि चावी चालू. एका पिनवर बॅटरीइतके किंवा त्याहून किंचित कमी व्होल्ट यायला हवेत. दोन्ही पिनांवर काहीच नसेल तर दोष फ्यूजपासून कपलरपर्यंतच्या पुरवठ्यात आहे. काही गाड्यांत चावी चालू केल्यावर काही सेकंदच पुरवठा राहतो, म्हणून सुई आधी लावून मग चावी फिरवावी. सुई पिनच्या तोंडात जोराने कोंबू नये. पिनची बारीक पकड फाकली तर नवाच बिघाड तयार होतो. वायरला मध्येच टाचणी टोचून पाहण्याची पद्धतही टाळावी, त्या छिद्रातून पाणी शिरते आणि एका पावसाळ्यात तांबे काळे पडते.

इथे व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली, असे मानणे ही या कामातली सगळ्यात फसवी चूक आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. दहा-बारा तारांची वायर कुरतडून एकच तार उरली असली, तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो आणि बीपही वाजवतो. इंजेक्टरला मात्र उघडताना जवळपास एक अँपिअर लागतो, तेव्हा त्या एका तारेवर किंवा गंजलेल्या पिनेवर दाब कोसळतो आणि सुई अर्धवट उचलली जाते. यावर उपाय म्हणजे वायरकडून प्रत्यक्ष काम करून घेणे. इंडिकेटरचा दहा वॉटचा बल्ब साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे इंजेक्टरच्या जवळपास तेवढाच. त्याच्या दोन टोकांना वायर जोडून एक टोक कपलरच्या पुरवठ्याच्या पिनवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर लावावे. बल्ब बॅटरीवर थेट लावल्यासारखा लख्ख पेटला तर वायर खरोखर चांगली. मिणमिणला, तर तो पेटलेला असतानाच बल्बवरचे व्होल्ट मोजावेत. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर ९ आले, तर मधले ३.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी खराब जोडावर खर्च होत आहेत. मग वायर थोडी थोडी हलवत फ्यूजपर्यंत जावे; ज्या जागी बल्बचा उजेड कमी-जास्त होईल, तिथली टेप सोडवावी.

हाच बल्ब ईसीयूकडे जाणाऱ्या दुसऱ्या पिनवर कधीही लावू नये. थंड असताना बल्बच्या तारेचा रोध पेटल्यानंतरच्या रोधाच्या सुमारे एक दशांश असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी तो आठ-दहा अँपिअर ओढतो आणि ईसीयूमधला नाजूक ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतो. त्या बाजूला फक्त एलईडी वापरावी. बाजारात यासाठी नॉइड लाईट नावाचा तयार दिवा मिळतो. घरी करायचा तर साधी एलईडी आणि तिच्यासोबत एक किलोओहमचा रेझिस्टर पुरे. त्यातून दहा मिलिअँपिअरच जातात. एलईडीचा लांब पाय पुरवठ्याच्या पिनकडे, आखूड पाय ईसीयूच्या वायरकडे जोडावा आणि सेल्फ मारावा. इंजेक्टर सुटलेला असल्याने इंजिन चालू होणार नाही, एलईडी मात्र लुकलुकली पाहिजे.

ती लुकलुकली तर ईसीयू आपले काम करतो आहे आणि दोन्ही वायर शाबूत आहेत. कॉइलही ठीक मोजली असेल तर दोष सुई जाम होण्यात किंवा पेट्रोलमध्ये शोधावा. बाटलीतून घेतलेले, पाणी किंवा गाळ मिसळलेले पेट्रोल हे कारण पाड्यांवर नेहमीचे आहे. एलईडी अजिबात पेटली नाही, तर स्पार्क प्लगला ठिणगी येते का ते पाहावे. ठिणगीही नसेल तर बहुधा क्रँकची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरकडून ईसीयूला संदेशच मिळत नाही आणि इंजेक्टर त्यात निर्दोष आहे. ठिणगी असेल तर इंजेक्टर ते ईसीयू ही वायर तपासावी. बॅटरीचे निगेटिव्ह काढून, मग ईसीयूचा कपलर काढून, वायरच्या दोन टोकांमध्ये मोजले तर एक ओहमहून कमी यावे, आणि त्याच वायरचा गाडीच्या बॉडीशी काहीच संबंध दिसू नये.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: चावी चालू करताच एलईडी सतत पेटून राहिली. म्हणजे ती वायर कुठेतरी सोलून फ्रेमला टेकली आहे किंवा ईसीयूचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. अशा गाडीत इंजेक्टर उघडाच राहतो, सिलिंडर पेट्रोलने भरतो, पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय सेल्फ मारू नये.

इंजेक्टरला थेट बॅटरी लावून ‘टक’ आवाज ऐकण्याचा उद्योग काही गॅरेजांत चालतो. बारा व्होल्ट काही सेकंद लागून राहिले तर कॉइल तापते, कमी रोधाची तर जळतेच, आणि नळीत दाब असेल तर प्रत्येक ‘टक’बरोबर पेट्रोल आत जाते. इंजिन चालू असलेल्या मोटारीत लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून टकटक ऐकणे त्याहून सुरक्षित. चारपैकी एक गप्प असेल तर लगेच कळते. फक्त पंख्यापासून आणि बेल्टपासून कपडे दूर ठेवावेत.

सापडलेला दोष नीट दुरुस्त करणे हेही तपासणीइतकेच महत्त्वाचे. गंजलेली पिन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावी, पॉलिश पेपरने घासू नये. वरचा मुलामा जातो आणि ती पुन्हा लवकर गंजते. तुटलेल्या वायरला त्याच जाडीचा तुकडा डकवून सोल्डर करावा किंवा चांगला क्रिंप जोड मारावा, वर हीट श्रिंक नळी चढवावी आणि जोड फ्रेमपासून दूर बांधावा. ईसीयू जोडलेला असताना सोल्डरिंग करू नये. गाडी वॉरंटीत असेल तर कपलर उघडून मोजण्यापलीकडे जाऊ नये, वायर कापणे कंपनीवर सोडावे.

काम झाल्यावर कपलर ‘कट’ असा आवाज येईपर्यंत बसवावा, बॅटरी जोडावी आणि चावी चालू करून पिवळा दिवा पाहावा. इंजिन चालू झाल्यावर तो विझायला हवा. तपासणीदरम्यान इंजेक्टर सुटलेला असताना सेल्फ मारल्यामुळे ईसीयूने स्वतःहून एक कोड नोंदवलेला असू शकतो. स्कॅनरने किंवा पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने तो पुसावा. त्यानंतर गाडी पूर्ण तापेपर्यंत, शक्यतो चढावर, चालवून परत दिवा पाहावा. तोच कोड पुन्हा आला आणि कॉइल, पुरवठा, वायर तिन्ही ठीक मोजलेली असतील, तर उरतो तो ईसीयू. तो महाग असतो आणि बहुतेक वेळा परत घेतला जात नाही, म्हणून त्याचा निकाल घरच्या अंगणात लावण्याऐवजी सर्व मोजमापे कागदावर लिहून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावीत.